दोन लाख सहा हजार सैनिकांची मागणी: मार्च १९६८ मधील जॉन्सन आणि त्यांचे सल्लागार

आपल्या राज्यघटनेच्या ७४ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींना सल्ला देण्याचे काम मंत्रिमंडळाचे आहे. राष्ट्रपती एकदा फेरविचाराची सूचना करू शकतात, परंतु अखेरीस तो सल्ला त्यांच्यावर बंधनकारक असतो. त्यामुळे राष्ट्रप्रमुखाचा ज्येष्ठ राजकीय सल्लागार नेमके काय करतो, याचे ठळक उदाहरण भारतीय वाचकाला जवळपास सापडत नाही. अमेरिकेत राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख ही एकच व्यक्ती असते. तिचे मंत्री तिच्या मर्जीपर्यंतच पदावर राहतात आणि त्या सर्वांचे मत एका बाजूला पडले तरी निर्णय राष्ट्राध्यक्षाचाच ठरतो. अशा व्यवस्थेत सल्लागाराच्या हाती अधिकार नसतो. त्याच्या शब्दाला जेवढे वजन, तेवढीच त्याची सत्ता. आणि ते वजन कशाने वाढते नि कशाने घटते, हे एखाद्या खऱ्या प्रसंगाच्या तपशिलात शिरल्याशिवाय कळत नाही.

येथे निवडलेला प्रसंग अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीतील आहे. २७ फेब्रुवारी १९६८ रोजी व्हिएतनाममधील युद्धासाठी आणखी सुमारे २,०६,००० सैनिकांची मागणी करणारा अहवाल वॉशिंग्टनमध्ये दाखल झाला. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून बोलताना उत्तर व्हिएतनामच्या बहुतांश भागावरील बॉम्बहल्ले थांबवत असल्याचे जाहीर केले, जेमतेम साडेतेरा हजार साहाय्यक सैनिक पाठवण्याचे सांगितले आणि आपण पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी घेणार नाही, असेही सांगून टाकले. मधल्या सुमारे पाच आठवड्यांत सल्लागारांचे मत पालटले, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे हे, की ज्या माहितीच्या आधारे ते पालटले, त्यातील बरीचशी माहिती पाच महिन्यांपूर्वीही सरकारच्या हाताशी होती. या प्रकरणात पाहण्यासारखे आहे ते असे, की ती कोणी कोणाला सांगितली, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल सांगितली आणि ऐकणाऱ्याची पूर्वीची भूमिका काय होती.

मागणीच्या पोटात काय होते

३० आणि ३१ जानेवारी १९६८ रोजी, तेत या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, व्हिएतकाँग (दक्षिणेतील साम्यवादी बंडखोर) आणि साम्यवादी उत्तर व्हिएतनामच्या सैन्याने, अमेरिका जिच्या बाजूने लढत होती त्या दक्षिण व्हिएतनामभर एकाच वेळी हल्ले केले. ४४ प्रांतिक राजधान्यांपैकी ३६ ठिकाणी लढाई झाली आणि राजधानी सायगावमधील अमेरिकी वकिलातीच्या आवारात हल्लेखोर काही तास ठाण मांडून होते. लष्करी दृष्टीने हा हल्ला मोडून काढला गेला आणि हल्लेखोरांची फार मोठी हानी झाली. परंतु त्याआधी दोनच महिने, नोव्हेंबर १९६७ मध्ये, व्हिएतनाममधील सेनापती विल्यम वेस्टमोरलँड यांना मायदेशी बोलावून त्यांच्याच तोंडून शेवट दृष्टिपथात येत असल्याचे लोकांना ऐकवण्यात आले होते. तेथे त्या वेळी सुमारे पाच लाख अमेरिकी सैनिक होते. एवढे सैन्य असताना शत्रू प्रत्येक मोठ्या शहरात घुसू शकतो, हे दृश्य घराघरांतील पडद्यांवर दिसल्यावर सरकारी आकडेवारीवर विसंबणारे लोक कमी झाले.

संयुक्त सेनाप्रमुख समितीचे अध्यक्ष जनरल अर्ल व्हीलर फेब्रुवारीच्या अखेरीस सायगावला जाऊन आले आणि २,०६,००० ची मागणी त्यांच्या अहवालातून आली. तिची रचना मोठी बोलकी आहे. हे सैन्य तीन टप्प्यांत उभारायचे होते आणि त्यातील साधारण निम्मा पहिला टप्पाच व्हिएतनामला जाणार, एवढे निश्चित होते. उरलेले सैन्य गरज पडल्यास तिकडे पाठवायचे, नाही तर जगातील इतर ठिकाणांसाठी रिती झालेली राखीव शक्ती त्यातून पुन्हा भरून काढायची, असा हिशोब होता. राखीव दलांना सेवेत बोलावण्यास जॉन्सन यांनी १९६५ पासून नकार दिला होता आणि सेनाप्रमुखांना तेच हवे होते. तेतनंतर व्हिएतनाममधील परिस्थिती जितकी गंभीर दिसेल, तितकी ही जुनी मागणी मान्य होण्याची शक्यता अधिक होती. वेस्टमोरलँड स्वतः त्या क्षणी इतके हवालदिल नव्हते. व्हीलर यांच्या अहवालाचा सूर मात्र काळजीचा होता. लष्करी सल्ला हा राजकारणापासून अलिप्त असतो, असे मानणाऱ्यांनी ही मागणी एकदा नीट वाचून पाहावी.

पण हा डाव उलटला. मागणी जेवढी मोठी, तेवढे तिच्यामुळे उभे राहणारे प्रश्नही मोठे. राखीव दले बोलवायची तर काँग्रेसशी, म्हणजे अमेरिकी संसदेशी, बोलणे भाग होते, खर्चासाठी कर वाढवणे भाग होते आणि प्राप्तिकरावरील दहा टक्के अधिभाराचा प्रस्ताव आधीच प्रतिनिधीगृहात अडकून पडला होता. त्यातच डॉलरवरील विश्वास डळमळला. सोन्याची खरेदी इतकी वाढली, की मार्चच्या मध्यास लंडनचा सोनेबाजार बंद ठेवावा लागला. अर्थमंत्री हेन्री फाउलर हे व्हिएतनाम धोरणावर मत देणारे गृहस्थ नव्हते. तरी युद्ध वाढवण्याची किंमत त्यांनी रोखीत मांडली, आणि हा आवाज जनरल मंडळींना खोडून काढता येण्यासारखा नव्हता.

क्लिफर्ड यांना कशासाठी आणले होते

या मागणीचा विचार करण्यासाठी जॉन्सन यांनी कार्यगट नेमला आणि त्याचे प्रमुखपद क्लार्क क्लिफर्ड यांना दिले. क्लिफर्ड यांनी १ मार्च रोजी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. ते मूळचे सेंट लुइसचे वकील. १९४६ ते १९५० या काळात ते राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचे व्हाइट हाउसमधील विधी सल्लागार होते, नंतर केनेडी यांचेही विश्वासू झाले, आणि वॉशिंग्टनमध्ये अतिशय यशस्वी वकिली करत असताना जॉन्सन यांना अधूनमधून खाजगी सल्ला देत राहिले. ते जॉन्सन यांच्याकडे काही मागायला येत नसत, आणि सत्तेच्या दारात बसलेल्या माणसाच्या अंगी हा गुण क्वचित असतो.

व्हिएतनामबद्दल त्यांची वाटचाल सरळ नव्हती. मे १९६५ मध्ये जॉन्सन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे युद्ध दलदल ठरू शकते, असा स्पष्ट इशारा दिला होता आणि त्याच वर्षी जुलैत कॅम्प डेव्हिड या राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थानी मोठ्या प्रमाणावर सैन्य पाठवण्याच्या विरोधात बोलले होते. निर्णय विरुद्ध गेल्यावर मात्र ते त्या निर्णयाचे ठाम समर्थक झाले, इतके की बॉम्बहल्ले तात्पुरते थांबवण्यालाही त्यांचा विरोध असे. १९६७ च्या उन्हाळ्यात जनरल मॅक्सवेल टेलर यांच्यासह ते मित्रदेशांकडे अधिक सैन्य मागायला गेले. थायलंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांसारखे देश व्हिएतनामला अमेरिकेपेक्षा कितीतरी जवळ, आणि तरीही जादा सैनिक देण्याची उत्सुकता कोणीच दाखवली नाही. शेजाऱ्यांना जो धोका इतका मोठा वाटत नाही, तो आपल्याला का वाटावा, हा प्रश्न क्लिफर्ड यांच्या मनात तेव्हा आला, असे त्यांनी पुढे लिहिले. तेव्हा ते त्याबद्दल फारसे बोलले मात्र नाहीत.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी जॉन्सन यांना टिपण दिले होते: सैन्यसंख्या आहे तेथे गोठवावी, बॉम्बहल्ले थांबवावेत, लढाईची जबाबदारी हळूहळू दक्षिण व्हिएतनामकडे सोपवावी. जॉन्सन यांनी लेखकाचे नाव न सांगता त्यातील प्रस्तावांवर काही विश्वासू लोकांची मते मागवली. ते प्रस्ताव नाकारावेत असे म्हणणाऱ्यांत क्लिफर्ड होते. त्याच महिन्यात मॅकनमारा यांची जागतिक बँकेसाठी निवड झाल्याचे जाहीर झाले आणि त्यांच्या जागी कोण, याचे उत्तर जॉन्सन यांना मिळाले.

मॅकनमारा यांनी नोव्हेंबरमध्ये जे सांगितले आणि क्लिफर्ड यांनी मार्चमध्ये ज्या बाजूला ढकलले, त्या दोहोंत आशयाचा फरक थोडाच आहे. मधल्या काळात तेत घडले, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे असे, की मॅकनमारा हे या युद्धाचे प्रमुख शिल्पकार मानले जात. त्यांचे मत बदलले तेव्हा जॉन्सन यांना ते थकलेल्या माणसाचे वाटले, किंवा केनेडी घराण्याशी असलेल्या स्नेहाचे. क्लिफर्ड यांच्यावर असा कोणताच संशय घेण्याची सोय नव्हती. समर्थक म्हणून ज्याला आणले, तोच शंका विचारू लागल्यावर ती सहज झटकता येत नाही. यातून एक अप्रिय गोष्टही निघते: १९६५ नंतरच्या तीन वर्षांतील क्लिफर्ड यांचे मौन आणि समर्थन, ज्याची किंमत इतरांनी मोजली, त्याच भांडवलावर त्यांचा १९६८ चा प्रभाव उभा होता. जे सतत विरोध करत राहिले त्यांचे काय झाले, हे जॉर्ज बॉल यांच्या उदाहरणावरून दिसते. परराष्ट्र खात्यातील दुसऱ्या क्रमांकाचे हे अधिकारी १९६४-६५ पासून लेखी विरोध नोंदवत होते. जॉन्सन त्यांचे ऐकत, त्यांना मानही देत, आणि निर्णय दुसराच घेत. ठरलेला विरोधक म्हणून त्यांची जागा बैठकीत राखून ठेवलेली होती. १९६६ मध्ये ते सरकारातून बाहेर पडले.

पेंटॅगॉनमधील प्रश्नोत्तरे

कार्यगटासमोरचा प्रश्न, क्लिफर्ड यांच्या सांगण्यानुसार, एवढे सैनिक कसे पुरवायचे हा होता. पुरवावेत की नाही, हा नव्हता. जॉन्सन यांनी पुढे हे नाकारले. काहीही असले, तरी नवख्या मंत्र्याला प्राथमिक शंका विचारण्याची मुभा असते आणि क्लिफर्ड यांनी ती पुरेपूर वापरली. पेंटॅगॉनमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, सेनाप्रमुखांसमवेत बसून त्यांनी, वकील साक्षीदाराला विचारतो तसे, एकेक प्रश्न विचारला. दोन लाख सैनिकांनी काम होईल का? खात्री देता येत नाही. नाही झाले तर आणखी किती लागतील? सांगता येत नाही. शत्रू आपलेही सैन्य तेवढेच वाढवू शकेल का? शकेल. बॉम्बहल्ल्यांनी युद्ध थांबेल का? केवळ त्यांनी नाही. मग विजयाची योजना काय? उत्तर व्हिएतनामवर चढाई करायची नाही, हायफाँग बंदरात सुरुंग पेरायचे नाहीत, लाओस-कंबोडियात पाठलाग करायचा नाही, ही राष्ट्राध्यक्षांनीच घातलेली बंधने असल्यामुळे नेहमीच्या अर्थाने विजयाची योजना नाही. शत्रूची झीज होत राहील आणि कधीतरी तो थकेल, हीच अपेक्षा.

ही उत्तरे गुप्त नव्हती. बंधने तर जॉन्सन यांनी स्वतः घातली होती. तरीही तीन वर्षांत हे प्रश्न याच क्रमाने, याच टेबलावर, उत्तर दिल्याशिवाय उठता येणार नाही अशा रीतीने विचारले गेले नव्हते, कारण प्रत्येक वेळी चर्चा पुढच्या तुकडीच्या आकड्यावर होई. व्हाइट हाउसमधील नित्याची पद्धत त्याला पोषक होती. मंगळवारच्या भोजनबैठकीत मोजकी माणसे असत. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार वॉल्ट रॉस्टो यांच्या हातून जॉन्सन यांच्यापुढे कागद जात. रॉस्टो अप्रामाणिक नव्हते, पण युद्ध जिंकले जात आहे यावर त्यांची श्रद्धा होती आणि श्रद्धावान माणसाच्या हातून गेलेल्या कागदांत आशादायक कागद वर येतात. परराष्ट्रमंत्री डीन रस्क आपले खरे मत भरल्या बैठकीत फारसे बोलत नसत. ते राष्ट्राध्यक्षांना एकांतात सांगायचे, अशी त्यांची धारणा होती. मोकळा वाद होईल अशी जागाच या व्यवस्थेत शिल्लक नव्हती.

४ मार्चला कार्यगटाचा अहवाल गेला, तो धीट नव्हता. तातडीने सुमारे २२,००० सैनिक पाठवावेत, राखीव दलांची तयारी करावी आणि मोठ्या मागणीचा निर्णय परिस्थिती पाहून घ्यावा, एवढेच त्यात होते. क्लिफर्ड यांनी पहिल्याच आठवड्यात सेनाप्रमुखांशी उघड सामना घेतला नाही. पण दोन लाखांचा आकडा त्या दिवशी अडवला गेला आणि अडवलेल्या आकड्यावर चर्चा करायला वेळ मिळाला.

त्याच दिवशीच्या बैठकीत रस्क यांनी एक छोटी सूचना केली. उत्तरेत पावसाळी हवामानामुळे पुढचे काही आठवडे बॉम्बहल्ले तसेही फारसे उपयोगी ठरणार नाहीत, तेव्हा बहुतांश उत्तर व्हिएतनामवरील हल्ले थांबवून हनोई, म्हणजे उत्तर व्हिएतनामचे सरकार, काय प्रतिसाद देते ते पाहावे. जॉन्सन यांनी लगेच रस दाखवला आणि रस्क यांना त्यावर काम करायला सांगितले. संयुक्त राष्ट्रांतील राजदूत आर्थर गोल्डबर्ग यांनी मार्चच्या मध्यास संपूर्ण बॉम्बबंदी सुचवली, तेव्हा मात्र जॉन्सन संतापले. रस्क यांच्या सूचनेत माघारीची भाषा नव्हती, अमेरिकी सैनिकांवरील धोका वाढत नव्हता आणि हनोईने नकार दिल्यास पुन्हा हल्ले सुरू करता येत होते. शिवाय रस्क कधीच राष्ट्राध्यक्षांच्या पुढे धावले नव्हते. जॉन्सन यांच्यासारख्या माणसाला पुढे जाता येईल अशी वाट दाखवणे हे काम या शांत, काहीशा नीरस वाटणाऱ्या मंत्र्याने केले आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली आहे.

मार्चमधील बाहेरच्या घडामोडी थोडक्यात सांगता येतील. १० मार्चला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २,०६,००० ची बातमी फोडली. १२ तारखेला न्यू हॅम्पशायर राज्यात, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, जॉन्सन यांच्याच पक्षाचे युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के मते मिळाली आणि चार दिवसांनी रॉबर्ट केनेडी मैदानात उतरले. जॉन्सन यांनी १८ मार्चला मिनियापोलिसमध्ये केलेले भाषण मात्र जुन्याच, किंबहुना अधिक कठोर सुरातले होते. सल्लागारांच्या मनात काय चालले आहे याचा त्या भाषणात मागमूस नव्हता.

क्लिफर्ड यांनी या काळात जे केले, ते थोडे अडचणीचे आहे. संरक्षण खात्यातील पॉल वॉर्नके, व्हाइट हाउसमधील भाषणलेखक आणि विधी सल्लागार हॅरी मॅकफर्सन अशा समविचारी लोकांशी त्यांनी संधान बांधले. सेनेचे नेहमीचे पाठीराखे असलेल्या रिचर्ड रसेल, जॉन स्टेनिस यांसारख्या सिनेटरांशी बोलून, त्यांनाही सैन्यवाढ नको आहे, हे त्यांनी जॉन्सन यांच्या कानावर घातले. याला कट म्हणावे काय? जॉन्सन यांच्यापासून कोणतीही वस्तुस्थिती लपवली गेली नाही. सिनेटरांची मते खरी होती. मात्र कोणते खरे मत केव्हा त्यांच्यापर्यंत पोहोचावे, याची आखणी जरूर होती. रॉस्टो आपल्या बाजूने नेमके हेच करत होते, म्हणून मला क्लिफर्ड यांना एकट्याला दोष देता येत नाही. पण सल्ला आणि मोहीम यांतील रेषा त्यांनी ओलांडली होती, हे नाकारताही येत नाही.

तेच मंडळ, पाच महिन्यांनी

वॉशिंग्टनमध्ये 'वाइज मेन' या टोपणनावाने ओळखले जाणारे ज्येष्ठांचे एक अनौपचारिक मंडळ होते. ट्रुमन यांचे परराष्ट्रमंत्री डीन अॅचेसन, माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी, माजी अर्थमंत्री डग्लस डिलन, जनरल ओमर ब्रॅडली, जॉर्ज बॉल, अशी ही माणसे. २ नोव्हेंबर १९६७ रोजी, म्हणजे मॅकनमारा यांच्या टिपणाच्या दुसऱ्या दिवशी, जॉन्सन यांनी त्यांचे मत विचारले आणि बॉल वगळता जवळपास सर्वांनी धीर धरा, असेच सांगितले. मॅकनमारा यांचे टिपण त्यांना दाखवण्यात आले नव्हते. त्यांना माहिती देणाऱ्यांनी आशादायक चित्र उभे केले होते आणि चर्चा मुख्यत्वे लोकांना युद्धाची बाजू कशी पटवून द्यावी, यावर झाली.

यानंतर सर्वांत आधी सावध झाले ते अॅचेसन. फेब्रुवारीच्या अखेरीस जॉन्सन यांनी त्यांचे मत विचारले, तेव्हा सेनाप्रमुखांच्या सादरीकरणांवर आपला विश्वास उरलेला नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले आणि मत देण्याआधी प्रत्यक्ष काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना स्वतः प्रश्न विचारण्याची मुभा मागितली. परराष्ट्र खात्याचे फिलिप हबीब, लष्कराचे मेजर जनरल विल्यम डिप्वी आणि सीआयएचे जॉर्ज कार्व्हर यांच्याशी बोलून मार्चच्या मध्यास त्यांनी जॉन्सन यांना सांगितले, की या वेगाने यश मिळवायला लागणारा काळ आणि साधने देश देणार नाही. अॅचेसन हे साम्यवादाविरुद्धच्या अमेरिकी धोरणाचे एक आद्य शिल्पकार. त्यांच्यावर मवाळपणाचा शिक्का मारणे कोणालाच शक्य नव्हते.

क्लिफर्ड यांच्या सूचनेवरून हे मंडळ पुन्हा बोलावले गेले. २५ मार्चच्या संध्याकाळी परराष्ट्र खात्यात भोजनानंतर हबीब, डिप्वी आणि कार्व्हर यांनी त्यांना माहिती दिली. या वेळी माहिती देणारे खात्याचे प्रमुख नव्हते, तर कागदांमागचे अधिकारी होते. क्लिफर्ड यांनी हबीब यांना विचारले, की लष्करी विजय मिळवता येईल का. सध्याच्या परिस्थितीत नाही, असे उत्तर आले. मग तुम्ही काय कराल, यावर बॉम्बहल्ले थांबवून वाटाघाटी करू, असे हबीब म्हणाले. एका अधिकाऱ्याने आपल्या परराष्ट्रमंत्र्यांदेखत एवढे बोलणे धाडसाचे होते.

गोल्डबर्ग यांनी डिप्वी यांच्याशी घातलेला हिशोब त्याहून साधा होता. तेतपासून शत्रूचे किती सैनिक मारले गेले, असे त्यांनी विचारले. आकडा मिळाल्यावर, एका मृतामागे जखमी किती धरावेत, असे विचारले. तीन, असे उत्तर आले. मग हल्ल्याच्या सुरुवातीला शत्रूचे एकूण सैन्य किती होते? तो आकडा मृत आणि जखमी यांच्या बेरजेपेक्षा लहान निघाला. मग आपण सध्या लढतो आहोत तरी कोणाशी, एवढेच गोल्डबर्ग यांनी विचारले. आकडे व्हिएतनाममधून येताना किती फुगत असत, हे दाखवायला दुसऱ्या पुराव्याची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी, २६ मार्चला, जॉन्सन यांच्यासमोर बंडी यांनी मंडळाचे मत मांडले: नोव्हेंबरनंतर बहुतेकांची भूमिका लक्षणीय बदलली आहे. ठरवलेले काम हाती असलेल्या काळात पुरे करता येणार नाही, तेव्हा युद्धातील सहभाग कमी करण्याकडे पावले टाकावीत, हा अॅचेसन यांचा निष्कर्ष. ब्रॅडली, माजी मुत्सद्दी रॉबर्ट मर्फी, टेलर आणि न्यायमूर्ती एब फोर्टास यांना हे मान्य नव्हते. जॉन्सन यांनी स्वतःच्या हाताने बहुमताच्या मताची टाचणे घेतली. ते हादरले होते. या लोकांचे कान कोणी फुंकले, असा त्यांचा पहिला संशय होता आणि त्यांनी त्याच अधिकाऱ्यांकडून तीच माहिती आपल्यालाही ऐकवावी, अशी मागणी केली. डिप्वी आणि कार्व्हर यांनी ती दिली. हबीब शहरात नव्हते. ही मागणी मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्या माहितीवर आपले सरकार चालते ती तिच्या निर्मात्यांकडून थेट ऐकण्याची इच्छा राष्ट्राध्यक्षाला झाली ती बाहेरच्या ज्येष्ठांनी ती ऐकून मत बदलल्यावर.

भाषणाचे पहिले वाक्य

२८ मार्चला रस्क यांच्या कार्यालयात क्लिफर्ड, रॉस्टो, परराष्ट्र खात्यातील विल्यम बंडी (मॅकजॉर्ज यांचे बंधू) आणि मॅकफर्सन ३१ तारखेच्या भाषणाचा मसुदा पाहायला जमले. मसुदा युद्धाचा होता. आपण व्हिएतनाममधील युद्धाविषयी बोलणार आहोत, अशी त्याची सुरुवात होती. क्लिफर्ड यांनी शब्दांच्या दुरुस्त्या सुचवण्याऐवजी सगळ्या भाषणाचाच रोख चुकल्याचे सांगितले: देशातील व्यापारी, वकील, वर्तमानपत्रे, म्हणजे जो वर्ग आजवर युद्धाच्या पाठीशी होता, तोच आता दूर जात आहे, आणि त्याला याच वाटेवर आणखी पुढे जाण्याचे आवाहन ऐकू येता कामा नये. ते बराच वेळ बोलले. रस्क आणि रॉस्टो यांनी त्यांना तोडले नाही, याचे स्वतः क्लिफर्ड यांनाही आश्चर्य वाटले. रस्क यांनी बॉम्बबंदीचा आपला परिच्छेद पुढे केला.

मॅकफर्सन यांनी त्या रात्री दुसरा मसुदा तयार केला आणि दोन्ही जॉन्सन यांच्याकडे पाठवले. सकाळी जॉन्सन यांनी फोन करून अमुक पानावरची अमुक ओळ बदला, असे सांगायला सुरुवात केली, तेव्हा ती पाने नव्या मसुद्यातील असल्याचे मॅकफर्सन यांच्या लक्षात आले. राष्ट्राध्यक्षांनी निवड केली होती आणि ती कोणत्याही बैठकीत जाहीर केली नव्हती. ३१ मार्चच्या भाषणाची सुरुवात व्हिएतनाम आणि आग्नेय आशियातील शांततेने झाली.

त्या भाषणाचा शेवट मात्र बहुतेक सल्लागारांच्या हातचा नव्हता. उमेदवारी न घेण्याचा विचार जॉन्सन बरेच दिवस करत होते आणि पत्नी लेडी बर्ड यांच्याशी बोलत होते. क्लिफर्ड यांना तो परिच्छेद दाखवण्यात आला तेव्हा भाषणाला फार वेळ उरला नव्हता. महिनाभर ज्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या मनाचा अंदाज घेण्यात दिवस काढले, त्यांना त्या मनातील सर्वांत मोठी गोष्ट ठाऊक नव्हती.

श्रेयाचा वाद आणि एप्रिलची घोषणा

१९६९ मध्ये क्लिफर्ड यांनी आपल्या मतपरिवर्तनाची हकीकत लेख लिहून प्रसिद्ध केली. तिच्यात पेंटॅगॉनमधील प्रश्नोत्तरे हा कळसाचा प्रसंग आहे. दोन वर्षांनी जॉन्सन यांच्या आठवणी आल्या. त्यांत बॉम्बबंदीच्या कल्पनेचे श्रेय रस्क यांना आहे आणि क्लिफर्ड यांचा वाटा बराच कमी दाखवला आहे. कागदपत्रे पाहता दोघांकडेही खरे आहे. निर्णयाचा मजकूर रस्क यांचा होता. तो मजकूर एखाद्या डावपेचासारखा न वाचता दिशाबदल म्हणून वाचला जावा, ही परिस्थिती क्लिफर्ड आणि अॅचेसन यांनी तयार केली. आणि मोठी सैन्यवाढ जॉन्सन यांनी मनातून केव्हाच सोडली असावी, असेही दिसते. वेस्टमोरलँड यांना २२ मार्चलाच लष्करप्रमुखपदी बढती देऊन व्हिएतनाममधून काढण्याचे जाहीर झाले होते, म्हणजे ज्येष्ठांच्या बैठकीच्या आधी.

हनोईने ३ एप्रिलला बोलणी करण्याची तयारी कळवली आणि मे महिन्यात पॅरिसमध्ये ज्येष्ठ अमेरिकी मुत्सद्दी अॅव्हरेल हॅरिमन यांच्या नेतृत्वाखाली ती सुरू झाली. तेथे किती द्यायचे आणि किती राखायचे, हा प्रश्न मार्चमध्ये कोणीच जॉन्सन यांच्यापुढे निकराने मांडला नव्हता. त्यामुळे रस्क, रॉस्टो आणि सायगावमधील राजदूत एल्सवर्थ बंकर एका बाजूला आणि क्लिफर्ड व हॅरिमन दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताण वर्षभर चालली. संपूर्ण बॉम्बबंदी ३१ ऑक्टोबरला झाली. १९६८ मध्ये १६,००० हून अधिक अमेरिकी सैनिक मरण पावले, आणि व्हिएतनामी मृतांची संख्या त्याच्या कित्येक पट होती.

क्लिफर्ड यांची सर्वांत ठोस कामगिरी याच ओढाताणीत झाली आणि ती जॉन्सन यांच्या भाषणात नव्हती. ११ एप्रिलच्या पत्रकार परिषदेत त्यांनी व्हिएतनाममधील अमेरिकी सैन्यासाठी ५,४९,५०० ही कमाल मर्यादा असल्याचे सांगितले आणि युद्धाची जबाबदारी क्रमाक्रमाने दक्षिण व्हिएतनामकडे जाईल, हे सरकारचे धोरण म्हणून मांडले. नोव्हेंबरमध्ये मॅकनमारा यांनी सुचवलेले आणि क्लिफर्ड यांनीच नाकारायला सांगितलेले जवळपास हेच होते. ३१ मार्चला राष्ट्राध्यक्ष इतके पुढे गेले नव्हते; सल्लागाराने राष्ट्राध्यक्षांच्या वतीने त्यांच्या निर्णयाचा अर्थ लावला होता. जॉन्सन यांनी त्याचा जाहीर इन्कार केला नाही. निक्सन सत्तेवर आल्यावर एप्रिल १९६९ मध्ये व्हिएतनाममधील अमेरिकी सैन्य सर्वाधिक, सुमारे ५,४३,००० झाले, आणि त्यापुढे ते कमीच होत गेले.